जुन्या मराठी फॉन्टमधील मजकुराचे युनिकोड रूपांतर : स्वरूप, अडचणी व पथ्ये

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या कार्यालयीन संगणकांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बराच मराठी मजकूर साठलेला आढळतो. त्यात प्रश्नपत्रिका असतात, बैठकांची इतिवृत्ते असतात, वार्षिकांकांचे लेख असतात आणि विद्यार्थ्यांचे लघुशोधप्रबंधही असतात. यांपैकी एखादी फाइल नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची अर्थहीन रांग दिसते. 'फाइल खराब झाली' असा निष्कर्ष अशा वेळी काढला जातो. प्रत्यक्षात फाइल जशीच्या तशी असते. तिच्यात आरंभापासूनच मराठी अक्षरे नव्हती; मराठी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांचे क्रमांक तेवढे होते आणि त्या आकृत्या दाखविणारा फॉन्ट नव्या संगणकावर नसतो.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे एका तक्त्यातील क्रमांकांच्या जागी दुसऱ्या तक्त्यातील क्रमांक ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज इतर काही लिपींच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा असला, तरी जुन्या मराठी फॉन्टच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. असे का होते, त्यातून कोणत्या चुका उद्भवतात आणि त्या टाळण्यासाठी कोणती पथ्ये पाळावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखात दिलेले सर्व संकेतांक दशमान पद्धतीचे आहेत.

१. अक्षर आणि आकृती :

संगणक अक्षर साठवीत नाही, तो अंक साठवितो. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावयाचे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस संकेतन म्हणतात. अक्षर पडद्यावर वा कागदावर कसे दिसावे, हे ठरविणे हे फॉन्टचे काम होय. इंग्रजीच्या बाबतीत एका अक्षरास सामान्यतः एकच आकृती लागत असल्याने हा भेद व्यवहारात जाणवत नाही. देवनागरीत मात्र एकच 'र' चार वेषांत वावरतो : 'राम'मध्ये पूर्ण, 'क्रम'मध्ये तिरप्या रेघेचा, 'कर्म'मध्ये माथ्यावरील रफाराचा आणि 'दऱ्या'मध्ये चंद्रकोरीसारख्या आडव्या खुणेचा. अक्षर एक आणि आकृत्या चार, अशी ही स्थिती आहे. संकेतन अक्षराचे करावयाचे की आकृतीचे, हा म्हणूनच देवनागरीच्या संगणकीय इतिहासातील मूळ प्रश्न ठरला.

२. इस्कीपासून युनिकोडपर्यंत :

या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर भारतात लवकर मिळाले होते आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. भारतीय लिपींसाठीचे 'इस्की' हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारले. इस्कीत आकृतीला स्थान नाही, वर्णाला आहे. 'क'चा संकेतांक १७९ हा देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू अशा सर्व लिपींना समान असून लिपी कोणती, हे वेगळ्या संकेताने सांगितले जाते.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. त्यामुळे इस्की व युनिकोड यांच्यातील रूपांतर सुकर आहे. युनिकोडमध्ये 'क'चा संकेतांक २३२५ आहे, म्हणजे इस्कीपेक्षा २१४६ ने अधिक. 'य' (इस्की २०५, युनिकोड २३५१) याच्या बाबतीतही हाच फरक आढळतो. 'र'पाशी मात्र (इस्की २०७, युनिकोड २३५२) तो २१४५ होतो, कारण इस्कीने 'य'नंतर नुक्तायुक्त 'य़'ला जागा दिली असून युनिकोडने ते अक्षर विभागात पुढे नेऊन ठेवले आहे. तेव्हा केवळ बेरीज करून भागत नाही, लहानसा तक्ता लागतो. तथापि, तो एकदा नीट केला की काम जवळपास यांत्रिक होते. आयसीयू या मुक्त संगणक-संग्रहात इस्कीसाठी असा परिवर्तक उपलब्ध आहे.

'लोणी काळभोर' हे हवेली तालुक्यातील, पुणे-सोलापूर मार्गावरील गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. इस्कीत ते मोकळ्या जागेसह ११ बाइटमध्ये मावते : २०९, २२९, १९३, २२०, ३२, १७९, २१८, २१०, २०३, २२९, २०७. युनिकोडमध्येही संकेतांक ११ च आहेत : २३५४, २३७९, २३३९, २३६८, ३२, २३२५, २३६६, २३५५, २३४९, २३७९, २३५२. दोन्ही रांगांत ल, ओकार, ण, दीर्घ वेलांटी याच क्रमाने वर्ण येतात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागत असल्याने तेच नाव ३१ बाइटचे होते. जागा वाढली तरी वर्णांचा क्रम व संख्या बदलत नाही.

३. चिनी लिपीचा अनुभव :

अशा तक्त्यावर आधारलेल्या रूपांतराचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण चिनी लिपीचे आहे. चीनने १९८० मध्ये जीबी २३१२ हे मानक तयार केले. त्यात ६,७६३ चिन्हे होती. तैवानमध्ये १९८४ मध्ये बिग-फाइव्ह हे वेगळे संकेतन आले व त्यात सुमारे तेरा हजार चिन्हे होती. 'मध्य' या अर्थाचे, चीन देशाच्या चिनी नावाच्या आरंभी येणारे चिन्ह जीबी २३१२ मध्ये २१४ व २०८ या दोन बाइटनी, बिग-फाइव्हमध्ये १६४ व १६४ या बाइटनी आणि युनिकोडमध्ये २००१३ या संकेतांकाने दर्शविले जाते. या तिहींमध्ये कोणतेही गणिती नाते नाही, कारण चिन्हांची क्रमवारी लावण्याची तिन्ही तत्त्वे वेगळी आहेत. म्हणून तेथे हजारो ओळींचे तक्ते लागतात.

तक्ते मोठे असले तरी नियम साधा आहे : एका चिन्हास एक चिन्ह. शिवाय या जुन्या मानकांतून युनिकोडमध्ये जाऊन परत येताना काही हरवू नये, अशी काळजी युनिकोडची रचना करतानाच घेतली गेली. एखाद्या मूळ मानकाने दोन चिन्हे वेगळी मानली असतील, तर युनिकोडनेही ती वेगळी ठेवली. अडचण येते ती युनिकोडमधील एखादे चिन्ह जुन्या मानकात मुळीच नसते तेव्हा. अशा वेळी त्याच्या जागी प्रश्नचिन्ह वा रिकामी चौकट उमटते. ही अडचण ओळखून चीनने २००० साली जीबी १८०३० या मानकाद्वारे युनिकोडच्या प्रत्येक संकेतांकास जागा देणारी व्यवस्था केली.

तक्त्याची मर्यादाही चिनीतच दिसते. चीनमधील सुलभ चिन्हांतील मजकूर तैवानच्या पारंपरिक चिन्हांत नेताना एका चिन्हासाठी दोन पर्याय संभवतात. 'केस' आणि 'पाठविणे' या अर्थांची पारंपरिक लिपीत दोन वेगळी चिन्हे आहेत, सुलभ लिपीत मात्र दोहोंस एकच. योग्य चिन्ह निवडण्यासाठी वाक्य वाचावे लागते. जुन्या मराठी फॉन्टची अडचण नेमकी याच जातीची आहे.

४. फॉन्टमधील मराठी : दृश्यक्रम व वर्णक्रम :

इस्की मानक उपलब्ध असूनही मुद्रण व कार्यालयीन व्यवहार त्यावर स्थिरावले नाहीत. त्या काळातील लेखन व मांडणीच्या आज्ञावल्या इंग्रजीसाठी तयार झालेल्या होत्या. त्यांना जोडाक्षरे घडविता येत नव्हती. म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्ही-टीटी मालिकेतील फॉन्ट, आकृती, कृतिदेव ही त्यांतील परिचित नावे होत. आठ बिटांच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असतात आणि त्यांतील काही वापरता येत नाहीत. मराठीची सारी जोडाक्षरे त्यांत मावणे शक्य नव्हते. म्हणून अक्षरांचे अर्धे भाग, उभे दंड, मात्रा, रफार असे तुकडे केले गेले. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरविले.

या फॉन्टनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याशिवाय त्या दोन दशकांतील पुस्तके व नियतकालिके संगणकावर जुळविताच आली नसती. परंतु त्यांनी साठविले ते छायाचित्राच्या जवळचे काहीतरी होते, लेखन नव्हे.

'लोणी काळभोर' हेच नाव कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये लिहिले की ११ ऐवजी १५ संकेत लागतात. त्यात रोमन 'के' या अक्षराची जागा पाच वेळा येते, कारण त्या जागी उभा दंड बसविलेला आहे. पाचांपैकी एकदा तो 'का'मधील खराखुरा काना असतो, दोनदा 'ण' व 'भ' यांचा अंगभूत दंड असतो आणि दोनदा 'लो' व 'भो' यांतील ओकाराचा भाग असतो. युनिकोडमध्ये मात्र या नावात काना एकदाच येतो. दंड एकच, भूमिका तीन. कोणती भूमिका कुठे, हे मागचे-पुढचे तुकडे पाहूनच ठरवावे लागते.

क्रमाचा प्रश्न याहून गहन आहे. 'विद्यार्थी' हा शब्द कृतिदेवमध्ये आठ संकेतांचा होतो : ऱ्हस्व वेलांटी, व, द्य, दंड, अर्धा थ, दंड, दीर्घ वेलांटी, रफार. डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जसे दिसते, तशी ही मांडणी आहे. युनिकोडमध्ये तो दहा संकेतांकांचा आहे : व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्तचिन्ह, य, काना, र, हलन्तचिन्ह, थ, दीर्घ वेलांटी. येथे क्रम उच्चाराचा आहे. वेलांटी 'व'च्या आधी दिसली तरी 'व'नंतर उच्चारली जाते. रफार शेवटी दिसला तरी 'र्' हा 'थ'च्या आधी उच्चारला जातो.

युनिकोडमध्ये साठविलेल्या उच्चारक्रमावरून योग्य आकृत्या जुळविण्याचे काम संगणकातील अक्षररचना-यंत्रणा व ओपनटाइप फॉन्ट मिळून करतात. विंडोज २००० पासून ही सोय विंडोज संगणकांवर आली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट मुंबईचे अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येणारा परिवर्तक याच्या बरोबर उलट काम करतो : आकृत्या पाहून तो उच्चार ओळखतो. म्हणजेच तो वाचतो. आणि वाचणाऱ्याला व्याकरण यावे लागते.

५. रूपांतरातील चुका :

(अ) रफाराचे स्थान : रफाराचा तुकडा आढळला की त्यास मागे नेऊन व्यंजनाच्या आधी ठेवावयाचे, असा नियम परिवर्तकात असतो. 'विद्यार्थी'त तो नीट चालतो. 'विद्यार्थ्यांना' या रूपात मात्र रफाराखाली 'थ्य' हे जोडाक्षर आहे. नियम एकच व्यंजन मागे जाण्याचा असेल, तर 'र्' हा 'य'च्या आधी थांबतो आणि 'विद्याथ्र्यांना' असे रूप तयार होते. 'कार्यकर्त्यांनी'चे 'कार्यकत्र्यांनी' होते ते याच कारणाने. मराठी वृत्तपत्रांच्या महाजालावरील जुन्या बातम्यांत अशी रूपे आजही आढळतात. वाचक ती मुद्रणदोष म्हणून सोडून देतो. शोधयंत्राला मात्र ते पान 'विद्यार्थ्यांना' या शब्दासाठी सापडत नाही. संपूर्ण जोडाक्षर ओलांडेपर्यंत मागे जाणे, हा यावरील उपाय होय.

(आ) आडव्या खुणेचा 'र' : 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा भेद मराठी लेखनाचे खास वैशिष्ट्य आहे. युनिकोडमध्ये ही खूण दोन मार्गांनी लिहिता येते. पहिल्या मार्गात नुक्तायुक्त 'ऱ' (२३५३), हलन्तचिन्ह व पुढील व्यंजन येते. दुसऱ्या मार्गात साधा 'र' (२३५२), हलन्तचिन्ह, शून्य रुंदीचा अदृश्य संयोजक (८२०५) व पुढील व्यंजन येते. दोन्ही दिसतात सारखे, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. त्यातही दुसऱ्या मार्गातील अदृश्य संयोजक 'अनावश्यक चिन्ह' म्हणून एखाद्या आज्ञावलीने गाळला, तर निमंत्रणपत्रिकेतील आचाऱ्यांचे आचार्य होतात. शब्दलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही ही चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात.

(इ) 'ॲ'ची अनेक रूपे : 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेतांक (२४१८) युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमाला निश्चित करताना 'ॲ' व 'ऑ' यांचा समावेश केला. परंतु त्यापूर्वीच्या मजकुरात हे अक्षर 'अ' (२३०९) व चंद्र (२३७३) यांच्या जोडीने, कधी त्या दोहोंमध्ये अदृश्य संयोजक घालून, तर कधी 'ऍ' (२३१७) या पर्यायी अक्षराने लिहिले गेले. युनिकोड ही रूपे परस्परांशी समान मानत नाही. त्यामुळे परिवर्तकाने यांपैकी कोणते रूप द्यावे, हे आधीच ठरवावे लागते. अन्यथा एकाच संग्रहातील एकच शब्द चार ठिकाणी चार प्रकारे नोंदला जातो.

(ई) मिश्र मजकूर : जुन्या फाइलीत इंग्रजी शब्द व मराठी तुकडे एकाच अंकांनी साठविलेले असतात. कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये आहे, एवढीच माहिती त्यांना वेगळे करते. मजकूर साध्या पाठ्यफाइलीत उतरविला की ही माहिती नष्ट होते. मग परिवर्तक इंग्रजी शब्दांचेही देवनागरी तुकडे करतो किंवा मराठी भाग इंग्रजी समजून तसाच सोडतो.

६. उलट दिशेचे रूपांतर :

युनिकोडमधून जुन्या फॉन्टकडे जाण्याची गरज संपली, असे म्हणता येत नाही. पेजमेकरसारख्या जुन्या मांडणी-आज्ञावलीस युनिकोड देवनागरी समजत नाही. जेथे पुस्तकांची जुळणी अशा आज्ञावलीत होते, तेथे लेखकाने युनिकोडमध्ये दिलेले हस्तलिखित मुद्रणापूर्वी जुन्या फॉन्टमध्ये न्यावे लागते. उच्चारक्रमावरून दृश्यक्रम तयार करणे हे तुलनेने सोपे असते, कारण त्याचे नियम निश्चित आहेत. परंतु एखादे जोडाक्षर त्या फॉन्टमध्ये नसेल, तर ते पाय मोडून लिहावे लागते आणि अदृश्य संयोजकासारख्या खुणा तर लुप्तच होतात. म्हणून छपाईनंतर तीच जुळणीची फाइल पुन्हा युनिकोडमध्ये आणून ती अंतिम संहिता म्हणून जतन करणे इष्ट नव्हे. लेखकाची युनिकोड प्रत अद्ययावत ठेवणे व छपाईतील दुरुस्त्या तिच्यात करणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

७. महाविद्यालयीन स्तरावरील महत्त्व व पथ्ये :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा संग्रहात असे प्रबंध एकत्र येऊ लागले. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी प्रबंध अशा संग्रहात डोळ्यांना वाचता येतो, पण त्यातील शब्द शोधता येत नाही, उतारा दुसरीकडे नेता येत नाही आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या आज्ञावलीस तो निरर्थक रोमन अक्षरांचा पुंजका वाटतो. परिणामी त्या संशोधकाचे काम पुढील संशोधकाच्या शोधात येतच नाही. चुकीच्या रूपांतराची हानी याहून अधिक सूक्ष्म असते : मजकूर सापडला असे वाटते, पण त्यातील काही शब्द मूळ लेखकाचे नसतात.

या पार्श्वभूमीवर पुढील पथ्ये उपयुक्त ठरतील.

१. मूळ फाइल कधीही पुसू नये. रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

२. मूळ फॉन्टची फाइल व शक्य असल्यास मूळ मजकुराची छापील प्रत सोबत जपावी. फॉन्टचे नेमके नाव व क्रमांक नोंदवावा, कारण एकाच नावाच्या मालिकेतही मांडणी भिन्न असू शकते.

३. रूपांतर फॉन्टची माहिती असलेल्या मूळ दस्तऐवजावरूनच करावे, साध्या पाठ्यफाइलीवरून नव्हे.

४. संपूर्ण संग्रह हाती घेण्यापूर्वी परिवर्तकाची परीक्षा कठीण शब्दांवर घ्यावी. विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांनी, आचाऱ्यांना, ऱ्हस्व, वैशिष्ट्यपूर्ण, वाङ्मय, क्लृप्ती, उद्घाटन, ज्ञानेश्वरी, ॲरिस्टॉटल, कॉलेज हे शब्द बरोबर उतरले, तर बहुतेक नियम ठीक आहेत असे मानता येईल.

५. 'ॲ' व 'ऱ्य' यांसाठी एकच लेखनरूप ठरवून सर्वत्र तेच वापरावे.

६. युनिकोडमध्ये नेऊन परत जुन्या फॉन्टमध्ये आणल्यावर मूळ मजकूर मिळाला, एवढ्यावर समाधान मानू नये. जाताना व येताना एकच चूक उलटसुलट झाली, तर ती या चाचणीत लपून राहते.

७. शेवटचे वाचन मराठी जाणणाऱ्या व्यक्तीनेच करावे. 'थ्र्य', 'त्र्य' यांसारख्या संशयास्पद जोडण्या आधी शोधून पाहिल्यास श्रम वाचतात. तथापि, 'त्र्यंबक' वा 'स्वातंत्र्य' यांत तीच जोडणी शुद्ध असल्याने सरसकट बदल करू नये.

समारोप :

चिनी लिपीपुढील प्रश्न संख्येचा होता आणि तो मुख्यतः तक्त्यांनी सुटला. मराठीची अक्षरसंख्या अल्प आहे, परंतु जुन्या फॉन्टनी अक्षराऐवजी आकृती साठविल्यामुळे तिच्या रूपांतरात भाषेचे ज्ञान अपरिहार्य ठरले. 'त्र्यंबक'मधील 'त्र्य' राखणे आणि 'कार्यकत्र्यांनी'मधील 'त्र्य' दुरुस्त करणे हा निर्णय तक्त्याचा नाही, भाषेचा आहे. त्यामुळे हे काम केवळ संगणक विभागाकडे सोपवून मराठी विभागाने निश्चिंत राहणे योग्य नव्हे. दोन्ही विभागांनी ते मिळून करावयास हवे. जुने फॉन्ट ज्यांच्या बोटांना अद्याप परिचित आहेत असे टंकलेखक, जुळारी व अध्यापक आज कार्यरत आहेत. त्यांच्या हयातीत व त्यांच्या साहाय्याने हा मजकूर तपासून घेतला, तर दोन दशकांचे मराठी लेखन पुढील पिढीस केवळ पाहता येईल असे न राहता वाचता व शोधता येईल.